अपरिग्रह आणि दोनशे तीस वॉटचा प्रोसेसर

गृहस्थाच्या हातातले साधन कोठपर्यंत साधन राहते आणि कोठून पुढे ते परिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचा संग्रह ठरते, हा भारतीय नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. धान्य, वस्त्रे, जमीन आणि पशुधन यांच्या संदर्भात त्याची चर्चा शतकानुशतके झाली. परंतु ज्या वस्तूची उपयुक्तता आणि जिच्याविषयीचा मोह ही दोन्ही एकाच आकड्याने मोजली जातात, तिच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. टेबलावरच्या संगणकात बसणारा उच्च श्रेणीचा प्रोसेसर ही आज तशी वस्तू आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन मशीन जोडून घेणारा विद्यार्थी, कोथरूडला घरूनच चित्रफितींचे संपादन करणारा व्यावसायिक आणि हिंजवडीतला प्रोग्रामर यांच्यापुढे एकच यादी येते, आणि त्या यादीत सर्वांत वर असलेला प्रोसेसर तिघांनाही सारखाच खुणावतो. त्यांची कामे मात्र सारखी नसतात. तो घ्यावा की नाही, याचे उत्तर म्हणूनच केवळ किंमत आणि वेग यांच्या तुलनेतून निघत नाही. त्यासाठी गरज म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते.

प्रोसेसरच्या बाबतीत हा प्रश्न गेल्या वीसेक वर्षांतच का उभा राहिला, हे समजण्यासाठी यंत्राचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत नेला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवले, तर चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज वाढत नाही. तीन दशके हा नियम टिकला, आणि त्या काळात नवा प्रोसेसर घेणे म्हणजे प्रत्येक वॉटमागे बरेच जास्त काम मिळवणे होते. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरवणे अशक्य झाले, नियम मोडला, आणि तेव्हापासून सर्वोच्च वेग विजेच्या मोबदल्यात विकत घ्यावा लागतो. चिपला लागणारी वीज तिच्या क्लॉकच्या, म्हणजे प्रतिसेकंद ठोक्यांच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वर न्यायचे तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे वेगाच्या शिखराजवळ थोड्याशा लाभासाठी विजेची मागणी एकदम चढते. इंटेलच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट आणि कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. एएमडीच्या २०२२ मधील रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॉट असे लिहिलेले असले, तरी पूर्ण भाराखाली तो २३० वॉटपर्यंत जातो.

याच रायझनमध्ये इको मोड नावाची सोय आहे. मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ आज्ञावलीत, ती निवडली की २३० वॉटची मर्यादा ८८ वॉटवर आणता येते. वीज अडीचपटीहून अधिक घटते, म्हणून वेगही तसाच कोसळेल असे वाटते. प्रत्यक्षात सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनघटक, वापरणाऱ्या जड कामांत सुमारे चार-पंचमांश वेग टिकून राहतो. जे काम पूर्ण विजेवर एका तासात होते, ते मर्यादित विजेवर सव्वा तास घेते, पण प्रोसेसरपुरता विचार केला तर त्यासाठी २३० वॉट-तासांऐवजी ११० वॉट-तास लागतात. शेवटच्या पाचव्या हिश्शाच्या वेगासाठी निम्म्याहून अधिक ऊर्जा खर्ची पडते, असा याचा अर्थ आहे, आणि पुढचा सगळा नैतिक विचार या एका प्रमाणाभोवती फिरतो. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रोसेसर रिकामा असताना किंवा लेखन, टपाल, हिशेब अशी हलकी कामे करत असताना इतकी वीज खातच नाही; त्यामुळे खोक्यावरचा आकडा पाहून त्या वस्तूला सरसकट उधळी ठरवणे अन्यायाचे होईल.

पातंजल योगसूत्रांनी अपरिग्रह हा पाच यमांपैकी, म्हणजे आचरणाच्या मूलभूत संयमांपैकी, एक मानला आहे. त्यावरील व्यासभाष्यात विषय न स्वीकारण्याची कारणे पाच दोषांच्या रूपाने सांगितली आहेत: वस्तू मिळवण्यातला दोष, ती राखण्यातला, तिच्या क्षयातला, तिच्या संगातला, म्हणजे तिला चिकटण्यातला, आणि तिच्यामुळे होणाऱ्या हिंसेतला. हे विश्लेषण संन्याशाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असले, तरी आधुनिक यंत्राला ते विलक्षण नेमके लागू पडते. मिळवण्याचा दोष असा की, असा प्रोसेसर एकटा घरात येत नाही. त्याच्यामागून त्याचा भार पेलणारा मदरबोर्ड, मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आणि पुष्कळदा नवी रॅमही येते. राखण्याचा दोष उष्णतेत आहे, कारण प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि एप्रिल महिन्यात पुण्यात पारा ४० अंशांकडे सरकत असताना दहा बाय दहाच्या खोलीत चालू ठेवलेल्या पाव किलोवॉटच्या हीटरची उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा, कूलर आणि शेवटी एसी लावावा लागतो. क्षयाचा दोष २०२४ मध्ये जगभर दिसला. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने मान्य केले, सुधारित मायक्रोकोड, म्हणजे चिपमधील अंतर्गत आज्ञावली, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र ज्या चिपची झीज आधीच झाली होती, ती या दुरुस्तीने भरून निघणार नव्हती.

हिंसेचा दोष मात्र घाईने उरकण्यासारखा नाही, आणि पुण्याच्या वाचकाला तर त्यासाठी दूर जाण्याची गरजही नाही. १९२१ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी दिली. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती आणि पाण्याखाली जाणारी भातखाचरे मावळ्यांची होती. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, धरण झाले, आणि १९२७ पासून मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरून वीज निर्माण करू लागले. आज पुण्यातील घरात येणारी वीज एकाच जागेवरून येत नाही, ती राज्याच्या आणि देशाच्या जाळ्यातून येते, आणि तिचा मोठा भाग कोळशाचा आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र त्यांतले एक. भारतीय जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर सांगितलेल्या २३० आणि ८८ वॉट यांतला १४२ वॉटचा फरक रोज सहा तास पूर्ण भार धरून महिन्याला साधारण २५ युनिट, म्हणजे सुमारे १८ किलो कार्बन डायऑक्साइड, इतका होतो.

हा आकडा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. दीड किलोवॉटचा एसी सतरा तासांत तेवढी वीज संपवतो, आणि वीजबिलाचा टप्पा ओलांडला गेला नाही तर घरमालकाच्या ध्यानातही तो येत नाही. परंतु हिंसेचा विचार रकमेच्या लहानमोठेपणावर थांबत नाही. एखादी हानी अटळ असते, कारण तिच्याशिवाय काम होत नाही. एखादी हानी केवळ लक्ष न दिल्यामुळे होते. जैन विचाराने गृहस्थाच्या बाबतीत शेती आणि उद्योग यांत होणारी हिंसा संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेहून वेगळी मानली, आणि त्याच वेळी निष्प्रयोजन हिंसेपासून, ज्याला तेथे अनर्थदंड म्हणतात, दूर राहण्याचे स्वतंत्र व्रत सांगितले. कोणालाच घाई नसलेल्या जड कामात मर्यादा सोडून ठेवल्याने खर्ची पडणारी वीज या दुसऱ्या वर्गात मोडते.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो पुण्याच्याच परंपरेतला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला गीतारहस्य हा ग्रंथ संन्यासाला श्रेष्ठ न मानता कर्मयोगाचा पक्ष घेतो, आणि लोकसंग्रह, म्हणजे समाजाची धारणा होईल असे कर्म, हे ज्ञानी पुरुषाचेही कर्तव्य ठरवतो. या दृष्टीने पाहता प्रबळ साधन नाकारणे हे आपोआप पुण्यकर्म होत नाही. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले ते भारताला हवा असलेला महासंगणक अमेरिकेकडून मिळेना म्हणून. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, आणि तेव्हा कोणी अपरिग्रहाच्या नावाने तो थांबवला असता तर ते व्रत खोटे ठरले असते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेला अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक घरगुती यंत्राशी तुलनाही होणार नाही इतकी वीज घेतो. पण त्याच्या गणितावर पावसाचे अंदाज उभे राहतात, आणि त्या अंदाजांवर पेरणी. मात्र याच परंपरेत सी-डॅकच्या परम युवा-२ ने २०१३ मध्ये विजेच्या काटकसरीच्या जागतिक यादीत ४४ वे स्थान मिळवले होते, हेही विसरता कामा नये. लोकसंग्रहासाठी केलेल्या संगणनालाही प्रत्येक वॉटचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो दिल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही.

मग साधन आणि परिग्रह यांतील भेद कशावर ठरवायचा? या वादाची सर्वांत सूक्ष्म चर्चा जैन परंपरेत झाली आहे. मुनीने वस्त्र आणि पात्र बाळगावे का, यावर श्वेतांबर आणि दिगंबर संप्रदायांत मतभेद झाला. संयमाच्या पालनाला लागणारी वस्तू उपकरण आहे, परिग्रह नव्हे, असे श्वेतांबरांनी म्हटले, आणि दिगंबरांनी वस्त्रही त्याज्य मानले, तरी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू त्यांनीही ठेवले. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूच्या संख्येवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूविषयीच्या आसक्तीने येणाऱ्या बेभानपणावरून केले आहे. गांधीजींची दृष्टी याहून काहीशी वेगळी होती. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमवासीयांना लिहिलेल्या, आणि पुढे मंगलप्रभात या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी अपरिग्रहाचे नाते अस्तेयाशी, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताशी, जोडले. गरज नसताना बाळगलेली वस्तू, ती चोरून आणलेली नसली तरी, त्यांच्या लेखी चोरीच्या मालासारखी होती. तरीही १९२४ मधील एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी यंत्रविरोधातून अपवाद केले होते, कारण ते माणसाचे कष्ट हलके करते. दोन्ही विचार एकत्र ठेवले तर कसोटी दुहेरी होते: काम खरोखर अडते का, आणि घेणाऱ्याचे मन भानावर आहे का.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे, कारण मूर्च्छा स्वतःला गरज म्हणूनच सादर करते. बेंचमार्क, म्हणजे वेग मोजण्यासाठी रचलेली प्रमाणित चाचणी, हे मुळात तुलनेचे साधन आहे. पण जेव्हा तीच चाचणी चालवून पाहण्यासाठी यंत्र घेतले जाते, तेव्हा साधन आणि साध्य यांची अदलाबदल झालेली असते. त्यातच वाढलेला वेग वाचलेल्या वेळाच्या रूपाने हाती राहतो असेही नाही. कोळसा जाळण्याची यंत्रे काटकसरी झाली की कोळशाचा एकूण खप वाढतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवले होते. त्याच न्यायाने संपादकाची एक्स्पोर्टची वेळ निम्मी झाली की फोरके चित्रफितीच्या जागी अधिक बारकाव्याची एटके येते आणि प्रतीक्षा पूर्वीइतकीच उरते. हे टाळण्याचा उपाय श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, सांगितलेला आहे. अणुव्रत म्हणजे गृहस्थाला झेपेल असे मर्यादित व्रत, आणि परिमाण म्हणजे इच्छा जागी होण्यापूर्वीच स्वतः आखून घेतलेली सीमा. बायोसमधील वीजमर्यादा ही अगदी याच जातीची गोष्ट आहे, कारण ती मोहाच्या क्षणी नव्हे, शांतपणे बसून एकदा ठरवता येते आणि मग रोजच्या निर्णयांवर अवलंबून राहत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून सगळे कोअर दिवसातून किती वेळ पूर्ण भाराखाली असतात, ते आठवडाभर पाहावे. चित्रफितींचे एक्स्पोर्ट, त्रिमिती रेंडरिंग, मोठ्या प्रकल्पांचे कंपायलिंग किंवा संशोधनातील गणिते यांसाठी जे यंत्र रोज तासन् तास तसे अडकून पडते आणि ज्याच्या खोळंब्याने दुसऱ्यांचेही काम थांबते, त्याच्या मालकाला हा प्रोसेसर उपकरण आहे. त्याने तो निःसंकोच घ्यावा आणि पहिल्याच दिवशी इको मोड लावावा. ज्याचे कोअर बहुतेक वेळ रिकामेच बसलेले दिसतात, त्याने जुन्या मशीनमध्ये रॅम आणि एसएसडी वाढवून घ्यावी. त्याच्यासाठी या प्रोसेसरवरचा खर्च योग्य नाही.