ताटकळण्याचे मोल

थांबण्याच्या क्रियेला मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द थांबणाऱ्या माणसाविषयी काही सांगून जातो. ‘वाट पाहणे’ या शब्दांत आशा आहे. वाटेकडे डोळे लावून बसलेल्याला कोणीतरी येणार असल्याचा भरवसा असतो. ‘खोळंबणे’ हे हाती काम असलेल्याचे थांबणे. गाडी उशिरा आली, पावसाने रस्ता अडवला, की त्याच्या कामाचा खोळंबा होतो. ‘तिष्ठणे’ या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृतातील ‘स्था’ धातू आहे. तिष्ठत राहणारा उभा असतो, आणि बहुधा दुसऱ्याच्या दारात उभा असतो. ‘ताटकळणे’ हा मात्र निव्वळ शरीराचा शब्द. पाय भरून येतात, कंबर अवघडते, आणि येणारा येईल की नाही हे ठाऊक नसते. भारतासारख्या विकसनशील देशातील कष्टकऱ्याच्या रोजच्या जगण्याचा मोठा भाग या शेवटच्या शब्दात मावतो. तरीही श्रमाविषयीच्या विचारात या शब्दाला स्थान मिळालेले नाही.

देशातील कोणत्याही मोठ्या शहरात सकाळी सात ते दहाच्या दरम्यान हे दृश्य दिसते. मुंबईत त्या जागेला ‘नाका’ म्हणतात, इतरत्र ‘मजूर अड्डा’, दिल्लीकडे ‘लेबर चौक’. रस्त्याच्या कडेला माणसे उभी असतात. त्यांच्या हातातील साधनांवरून त्यांचा धंदा ओळखावा. गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंबा असतो, रंगाऱ्याजवळ ब्रश असतात, सुताराची करवत गोणपाटात गुंडाळलेली असते. बिगाऱ्यापाशी विकायला फक्त अंग असते. स्त्रियांच्या हाती जेवणाचे डबे असतात, क्वचित कडेवर मूलही. मोटार किंवा दुचाकी थांबली की घोळका तिच्याभोवती जमतो, दराची घासाघीस होते, दोघे-तिघे निघून जातात आणि उरलेले पुन्हा आपापल्या जागी येऊन उभे राहतात. नऊ वाजेपर्यंत मागितला जाणारा दर साडेनऊनंतर खाली येतो. अकराच्या सुमारास नाका ओस पडतो. ज्यांना काम मिळाले नाही ते घरी परततात आणि कामावर खाण्यासाठी बांधलेला डबा घरातच उघडतात.

या परतणाऱ्याने त्या सकाळी काय केले? हिशेबाच्या भाषेत उत्तर सोपे आहे. त्याने काहीच केले नाही. त्याचे हात कोणी वापरले नाहीत, म्हणून त्याचे कोणी काही देणे लागत नाही. बोलणी झाल्यावर करार सुरू होतो. त्याआधीची वेळ ज्याची त्याची. हा युक्तिवाद व्यवहाराला इतका सरावाचा आहे की त्यात तपासण्यासारखे काही आहे असे सहसा वाटत नाही. परंतु नैतिक प्रश्न अशाच सरावाच्या जागी दडलेले असतात.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. घराची भिंत पाडण्यासाठी तीन माणसे हवी असलेला गृहस्थ सकाळी नऊ वाजता नाक्यावर येतो आणि दहा मिनिटांत त्याला नेमकी तीन माणसे मिळतात. आदल्या दिवशी कोणाला सांगून ठेवावे लागत नाही, आणि उद्या काम नसेल तर आजच्या माणसांना पोसावेही लागत नाही. ही सोय तेथे पन्नास माणसे उभी असतात म्हणून निर्माण होते. निवडलेल्या तिघांनी ती एकट्याने निर्माण केलेली नाही. उरलेले सत्तेचाळीस आले नसते, तर त्या गृहस्थाला वेळही अधिक लागला असता आणि दरही अधिक द्यावा लागला असता. ज्याला काम मिळाले नाही त्याच्या उभे राहण्याचाही त्या व्यवहाराला उपयोग झाला आहे. केवळ त्याची नोंद कोठे झालेली नाही.

श्रमाचा आणखी एक स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. व्यापाऱ्याचे कापड आज विकले गेले नाही तर उद्या विकले जाते. भाजीवाल्याची मेथी संध्याकाळपर्यंत कोमेजते. मजुराचा दिवस मेथीहूनही नाशवंत आहे. तो साठवता येत नाही आणि उद्याच्या दिवसाला जोडताही येत नाही. त्याची भूक मात्र दररोज नव्याने येते. म्हणूनच साडेनऊनंतर त्याचा दर उतरतो. गरजेपुढे वाकलेल्या त्या दराला ‘परस्परसंमती’ म्हणणे कायद्याला चालेल. न्यायबुद्धीला ते चालावे का, हा खरा प्रश्न आहे.

असा प्रश्न या देशात पूर्वी कोणी विचारलाच नव्हता असे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या दारात एके काळी दररोज सकाळी बदली कामगारांची गर्दी होत असे. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवीत असे, आणि त्याची मर्जी हाही कामगाराच्या रोजच्या चिंतेचा विषय असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली गिरणी कामगारांनी आठवड्याच्या सुटीची आणि दुपारच्या विश्रांतीची मागणी केली. कामाच्या वेळेला सीमा असली पाहिजे, हा विचार त्या मागण्यांतून पुढे आला. कामाआधीच्या ताटकळण्याचाही विचार व्हावा, ही त्याच्या पुढची पायरी. तिला आणखी बराच काळ लागला.

ती पायरी गोदीत चढली गेली. जहाजे भरतीओहोटीच्या आणि व्यापाराच्या लहरीने येतात. एका दिवशी शेकडो हात लागतात, दुसऱ्या दिवशी धक्का रिकामा असतो. १९४८ साली गोदी कामगारांच्या नियमनाचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांत त्यानुसार योजना आल्या. नोंदणी झालेला कामगार ठरलेल्या वेळी हजर झाला आणि त्याला काम मिळाले नाही, तर त्याला हजेरीचा भत्ता द्यावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. काम कमीजास्त होणे हा बंदराचा स्वभाव आहे. त्याचा भार एकट्या कामगाराने का सोसावा, एवढाच साधा विचार त्यामागे होता. १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगारालाही असेच संरक्षण दिले. हजेरीपटावर नाव असलेला कामगार नेमलेल्या वेळी हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले गेले नाही, तर त्या दिवशी त्याची ‘ले-ऑफ’ झाली असे धरावे, असे कायद्याने ठरवले. घड्याळ लावून दोन तास मोजणाऱ्या त्या कलमात ताटकळण्याला प्रथमच मोजमाप मिळाले.

ग्रामीण भागात हाच विचार वेगळ्या रूपाने आला. १९७२ च्या दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला, आणि २००५ साली संसदेने देशासाठी कायदा केला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, पहिले ३० दिवस तो मजुरीच्या किमान एकचतुर्थांश असावा, असे त्या कायद्याने सांगितले. तो भत्ता प्रत्यक्ष हाती पडणे विरळाच राहिले. तरीही काम मागणाऱ्याला थांबवून ठेवणाऱ्यावर काही ऋण चढते, ही गोष्ट शासनाने कागदावर का होईना मान्य केली.

शहरातील नाका मात्र या साऱ्या मान्यतेच्या बाहेर राहिला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने कल्याणकारी मंडळाच्या लाभांसाठी बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट घातली. अट वाजवी वाटते; पण ज्याचा मालक दररोज बदलतो त्याने ९० दिवसांचा दाखला कोणाकडून आणायचा? दीडशे दिवस काम करून आणि आणखी शंभर सकाळी उभे राहून ज्याचे वर्ष सरते, त्याच्यापाशी दाखवायला एकही हजेरीपट नसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या उणिवेचा अर्थ उघड झाला. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळातील वेतन कपात न करता देण्याचा आदेश मालकांना दिला. मे महिन्यात तो मागेही घेतला. आदेश असेपर्यंत तरी, ज्यांना मालक होता त्यांच्या सक्तीच्या थांबण्याला वेतनाचा आधार होता. नाक्यावरच्या माणसाला मालकच नव्हता, त्यामुळे त्याच्या बाबतीत तो आदेश पाळणारा किंवा मोडणारा कोणीच नव्हता. तो पायी गावाकडे निघाला.

रिकाम्या हातांना पैसे दिले तर आळस वाढेल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु समाज थांबण्याचे पैसे देतच असतो. अग्निशमन दलाचा जवान आग लागण्याची वाट पाहत बसतो आणि त्याचे वेतन आगींच्या संख्येवर ठरत नाही. रात्रपाळीच्या डॉक्टराकडे एकही रुग्ण आला नाही म्हणून त्याची रात्र फुकट गेली असे कोणी म्हणत नाही. सिद्ध असणे हेही काम आहे, हे तत्त्व वरच्या पायऱ्यांवर सर्वमान्य आहे. खाली उतरता उतरता ते विरळ होत जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोदीत भत्ता मिळाला तो नोंदणी झालेल्यांना. नोंदणीबाहेरचे तसेच राहिले. प्रत्येक हमी आपल्याभोवती कुंपण घालते आणि कुंपणाबाहेर नवी गर्दी उभी राहते, हा अनुभव नाकारता येणार नाही. मात्र त्यावरून कुंपण रुंद करण्याची गरज सिद्ध होते, हमी निरर्थक ठरत नाही.

हा पेच अर्थशास्त्राच्या जन्माआधीचा आहे. बायबलमधील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत अनेकदा बाजारात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळण्याच्या बेतात त्याला आणखी काही जण उभे दिसतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे विचारल्यावर ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी धनी सर्वांना पूर्ण दिवसाची सारखीच मजुरी देतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. या शेवटच्या मजुराविषयीच्या शब्दांवरूनच रस्किनने १८६० सालच्या आपल्या निबंधांचे शीर्षक घेतले. गांधीजींनी ते पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना आगगाडीत वाचले आणि १९०८ साली गुजरातीत त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने मांडला. दृष्टांताचा रूढ अर्थ ईश्वरी कृपेचा आहे. पण नाक्याच्या अनुभवातून वाचले असता त्यात कृपेबरोबर न्यायही दिसतो. शेवटचा मजूर उशिरा उठलेला नव्हता. तो दिवसभर तेथेच उभा होता. धन्याने त्याला एका तासाऐवजी संपूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण त्या माणसाचा संपूर्ण दिवसच खर्ची पडला होता.

मराठी मनाला याहून जवळची कथा पंढरपूरची आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाकडे वीट भिरकावली आणि सेवा संपेपर्यंत तिच्यावर उभे राहायला सांगितले. देव उभा राहिला. तो अजून उभाच आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या कथेतून मातृपितृभक्ती शिकवली जाते, देवाची भक्तवत्सलताही सांगितली जाते. तिच्यातील तिष्ठण्याची दिशा मात्र दुर्लक्षित राहते. येथे सामर्थ्यवान तिष्ठतो आणि कामात असलेला माणूस त्याला तिष्ठत ठेवतो. रोजच्या व्यवहारात ही दिशा नेमकी उलटी आहे. कचेरीत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, नाक्यावर, ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे तोच सर्वांत अधिक वेळ उभा असतो. मग त्याच्या या सोसण्याला ‘सबुरी’ असे नाव देऊन त्याचे कौतुकही केले जाते. सबुरी हा सद्गुण आहे, यात शंका नाही. पण ज्याला थांबण्यावाचून गत्यंतर नाही त्याच्या थांबण्याला सद्गुण म्हणणे ही थांबवणाऱ्याची सोय असते. गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर भोंगा पुन्हा वाजेल या आशेवर घरे कशी आतून खचत गेली, हे जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने दाखवले आहे. दीर्घकाळ ताटकळलेला माणूस अधिक सोशीक होतो असे नाही. कित्येकदा तो आतून मोडतो.

आता नाक्याने रूप पालटायला सुरुवात केली आहे. अनेक तरुण खानावळींच्या बाहेर दुचाकीवर बसून हातातील मोबाइलकडे पाहत असतात. घोळका, मुकादम, घासाघीस यांची जागा यंत्राने घेतली आहे. यंत्राला प्रत्येक क्षण मोजता येतो. कोण किती वाजता सिद्ध झाला आणि किती वेळ निष्क्रिय राहिला, याची अचूक नोंद त्याच्यापाशी असते. पूर्वी ताटकळण्याची मजुरी द्यायची नाही, कारण ते मोजता येत नाही, असे म्हणण्याची सोय होती. आता ते मिनिटामिनिटाने मोजले जाते, आणि मोबदला बहुधा पोचवलेल्या डब्यांचाच दिला जातो.

काम कधी अधिक, कधी कमी असणारच. पाऊस, बाजार आणि जहाजे कोणाच्या आज्ञेत नाहीत. त्या अनिश्चिततेचा भार कोणी उचलायचा, हे मात्र माणसे ठरवतात. गोदीच्या धक्क्यावर एके काळी ते एका तऱ्हेने ठरवले गेले, नाक्यावर आजही दुसऱ्या तऱ्हेने ठरवले जाते. अकरा वाजता भरलेला डबा घेऊन परतणारी बाई घरी गेल्यावर मुलांना विचारू देत नाही. डबा उघडून त्यातली भाकरी त्यांच्या ताटांत वाढते. सकाळी पाचला उठून ती भाकरी तिने थापलेली असते, आणि त्यानंतरचे सहा तास तिने काय केले याची नोंद ठेवणारे पान अद्याप कोणत्याही वहीत नाही.