हलाल घास रोखणारा हात



काही दिवसांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. मशीद रिकामी होईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "मौलाना, अल्लाहने हलाल केलेली चपाती मी माझ्या मुलीला आयुष्यभर नाकारणार आहे. ईदचा शिरखुर्मासुद्धा तिच्यापुढून उचलतो. आई म्हणते, लेकराच्या तोंडचा घास काढणाऱ्याला बरकत नसते. कयामतच्या दिवशी याबद्दल माझी पकड होईल का?"

मुलगी सात वर्षांची. आमच्याच मकतबात शिकते. दोन वर्षे तिचे पोट फुगलेले आणि हातपाय काडीसारखे होते; रक्त कमी झालेले, उंची वाढत नव्हती. कोणी जंतांचे औषध दिले, कोणी नजर लागली म्हणून सांगितले. अखेर रक्ताची विशिष्ट तपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासला गेला आणि सिलिअ‍ॅक हा आजार असल्याचे निश्चित झाले.

त्यांचे बोलणे ऐकताना माझी मान खाली गेली. कारण महिनाभरापूर्वी मकतबात एका मुलाने नाजरा कुरआन पूर्ण केले, तेव्हा मिठाई वाटताना हीच मुलगी हात मागे घेऊन उभी होती. "मला चालत नाही," ती म्हणाली. मी हसून तिच्या तळहातावर बालुशाही ठेवली आणि म्हणालो, "बिस्मिल्लाह म्हण आणि खा, काही होत नाही." उस्तादांनी सांगितले म्हणून तिने ती खाल्ली. म्हणजे त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याने विचारण्यापूर्वीच देऊन टाकले होते, आणि तेही चुकीचे.

म्हणून हा लेख.

सिलिअ‍ॅक म्हणजे खाण्याची नावड नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले, की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे सूक्ष्म केसाळ उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल जेवते, पण अन्न अंगी लागत नाही. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध ओळखला आणि १९५० साली आपल्या प्रबंधात तो मांडला. तेव्हापासून आजपर्यंत यावर एकच खात्रीचा उपचार आहे: ही धान्ये जन्मभर पूर्णपणे वर्ज्य करणे. तसे केले, तर आतडे पुन्हा भरून येते आणि मूल इतर मुलांसारखे वाढू लागते.

आता प्रश्नाकडे वळू. हलाल अन्न मुलाला नाकारणे म्हणजे हलालला हराम ठरवणे आहे काय?

सूरह अल-माइदाच्या ८७व्या आयतीत ईमानवंतांना ताकीद दिली आहे, की अल्लाहने तुमच्यासाठी वैध केलेल्या चांगल्या वस्तू तुम्ही अवैध ठरवू नका. त्या गृहस्थांच्या मनात हीच आयत सलत होती. परंतु अवैध ठरवणे आणि न खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एकदा भाजलेला दब्ब, म्हणजे वाळवंटात आढळणारा सरडा, वाढण्यात आला. त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले, की हा हराम आहे काय? प्रेषितांनी (स.) सांगितले, की नाही, माझ्या लोकांच्या प्रदेशात हा नसतो, त्यामुळे मला तो रुचत नाही. हजरत खालिद (रजि.) यांनी त्याच दस्तरख्वानवर तो खाल्ला आणि प्रेषित (स.) पाहत राहिले. वस्तू हलालच राहिली. एकाने खाल्ली, एकाने खाल्ली नाही. केवळ रुची नसल्याने हात मागे घेता येतो, तर अपाय होत असताना तो मागे घेण्यात गुन्हा कसला?

सूरह आलि इमरानच्या ९३व्या आयतीत हजरत याकूब (अलै.) यांनी तौरात अवतरण्यापूर्वी स्वतःपुरते काही अन्न वर्ज्य केल्याचा उल्लेख आहे. अनेक भाष्यकारांनी याचे कारण त्यांचा आजार असे सांगितले आहे. नबींच्या घराण्यातही पथ्य होते, ही गोष्ट आजारी मुलाच्या आईवडिलांना धीर देणारी आहे.

तरीही एक शंका उरते. अनेक घरांत ती अशी बोलली जाते: "जव तर प्रेषितांचे (स.) अन्न. तलबीना ही सुन्नत. त्याने अपाय कसा होईल? अल्लाहवर भरवसा ठेवा." या शंकेचे उत्तर एका सुंदर हदीसमध्ये आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत उम्मुल मुन्जिर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग येतो. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले. सोबत हजरत अली (रजि.) होते, ते नुकतेच आजारातून उठले होते. घरात खजुराचे घड लटकत होते. प्रेषित (स.) त्यातून खाऊ लागले. हजरत अली (रजि.) यांनीही हात पुढे केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले: तुम्ही अजून अशक्त आहात. मग उम्मुल मुन्जिर (रजि.) यांनी जव आणि चुकंदराचा पाला शिजवून आणला. प्रेषितांनी (स.) हजरत अलींना (रजि.) सांगितले, की यातून घ्या, हे तुमच्यासाठी अधिक हितकारक आहे.

वाचकहो, या प्रसंगावर क्षणभर थांबा. खजुरापेक्षा अधिक बरकतीचे फळ आपण कोणते मानतो? तरीही प्रेषितांनी (स.) आपल्या लाडक्या अलींचा हात खजुरापासून रोखला, तेही स्वतः खजूर खात असताना. बरकतीचे अन्नही विशिष्ट शरीराला, विशिष्ट वेळी अहितकारक असू शकते, हे त्यांनी कृतीने दाखवले. त्या दिवशी हजरत अलींना (रजि.) जव हितकारक होता. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाला तोच जव विषासमान आहे. ज्याने या हदीसमधून फक्त 'जव' उचलला, त्याच्या हाती सुन्नतचे टरफल आले. रुग्णाकडे पाहून अन्न ठरवणे, हा तिचा गर आहे.

अल्लाहवरील भरवसा उंट बांधून ठेवायचा असतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पथ्य म्हणजे तो दोर आहे.

आता सर्वांत कठीण प्रश्न, करुणेचा. दादी नातीला चोरून चपातीचा तुकडा देते, ती दुष्टपणाने देत नाही. तिला नातीच्या डोळ्यांतले पाणी दिसते. आतड्याची झीज तिला दिसत नाही. या आजाराचा मोठा धोका हाच आहे, की एका घासाने प्रत्येक वेळी पोट दुखेलच असे नाही. मूल हसत-खेळत राहते आणि आत नुकसान चालूच राहते. म्हणून "खाल्ले तरी काही झाले नाही" हा पुरावा ठरत नाही. आपली करुणा बहुधा डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरती असते. परंतु मूल ही अमानत आहे, आणि अमानत आजच्या दिवसापुरती नसते. सात वर्षांच्या मुलीच्या वतीने सत्तावीस वर्षांच्या स्त्रीचा विचार कोणीतरी करावा लागतो. तिची हाडे ठिसूळ होऊ नयेत, तिच्या अंगात रक्त असावे, तिची मातृत्वाची वाट सुकर असावी. तो विचार करणारा माणूस आज तिच्या रडण्याचा धनी होतो. प्रत्येक मेंढपाळाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या हदीसचे ओझे असे असते.

हा अधिकार मोठा आहे, म्हणून त्याला मर्यादाही आहेत.

पहिली मर्यादा ज्ञानाची. ऐकीव गोष्टीवरून, शेजारणीच्या सल्ल्याने किंवा आजकालच्या टूमेपायी मुलाचा गहू बंद करणे योग्य नाही. तपासणीपूर्वीच गहू थांबवला, तर तपासणीत आजार लपून राहू शकतो. आधी तपासणी, मग पथ्य. न कळणाऱ्याने जाणत्यांना विचारावे, हा कुरआनचा आदेश आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (रजि.) सांगतात, की प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच्यावर गुस्ल आवश्यक झाले. त्याने सोबत्यांना विचारले, की मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी असताना सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले, त्या सल्लागारांनी त्याला मारले, असे म्हणाले, आणि अज्ञानावरचा इलाज विचारणे हा आहे, असे बजावले. ही हदीस मी मदरशात शिकलो, परीक्षेत लिहिली. बालुशाही हातावर ठेवताना मात्र ती मला आठवली नाही.

दुसरी मर्यादा शब्दांची. मुलाला "हे तुला हराम आहे" असे कधीही सांगू नका. तो शब्द अल्लाहचा आहे. "हे हलाल आहे, पण तुझ्या शरीराला सोसत नाही, शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे," असे सांगा. नाहीतर चुकून एक बिस्कीट खाल्लेले मूल स्वतःला गुन्हेगार समजेल, किंवा उद्या खरोखरच्या हरामलाही निव्वळ पथ्य मानू लागेल. समज येईल तसतशी ही राखण त्याच्याच हाती सोपवा.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रेषितांनी (स.) हजरत अलींचा (रजि.) हात रोखला, आणि दुसरे ताट समोर येताच त्यांना आग्रहाने त्यातून खायला सांगितले. ज्याने नुसता हात रोखला, त्याने अर्धीच सुन्नत पाळली. आणि आपल्या भागात हे दुसरे ताट दुर्मीळ नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, डाळी, मांस, मासे, अंडी, दूध, फळे. अल्लाहच्या दस्तरख्वानवरून दोन-तीन धान्ये उचलली, तरी तो रिकामा होत नाही. कोकणातल्या आपल्या घरांत तांदळाची भाकरी आणि सांदण पिढ्यान्‌पिढ्या आहे. घाटावर ज्वारीची भाकरी आहे. दक्षता मात्र हवी. गहू दळणाऱ्या गिरणीतच ज्वारी दळली, तर तिच्यात गव्हाचे पीठ येते. तोच तवा, समोसे तळलेले तेच तेल, बाजारच्या हिंगात मिसळलेले पीठ, दुधात घालायच्या पावडरीतला जवाचा माल्ट, यांतूनही अपाय होतो. वेष्टनावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिण्यासाठी आपल्या देशात एका किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. यावरून किती थोडे पुरेसे होते, हे समजावे.

आणि हे दुसरे ताट मांडणे एकट्या आईचे काम नाही. ईदच्या दिवशी घरातल्या सर्वांसाठीच तांदळाच्या शेवयांचा शिरखुर्मा केला, तर काय बिघडेल? मुहर्रममध्ये गव्हाचा खिचडा शिजेल तेथे एक लहान पातेले तांदूळ-डाळीचे, वेगळ्या डावाचे असू द्या. इफ्तारला खजूर आणि फळे आधी, वेगळ्या थाळीत ठेवा. पाहुण्याची गैरसोय ओळखणे हा आपल्या अदबचा भाग आहे. मग आजारी मूल तर आपल्याच घरचे. "एवढ्याने काय होते?" असे म्हणून आग्रह करणाऱ्याला मी आता विनंती करतो, की तो आग्रह प्रेमाचा असला, तरी त्याची किंमत दुसऱ्याचे लेकरू मोजते. कोणाला अपाय करू नये, हा आपल्या धर्माचा पायाभूत नियम आहे.

त्या गृहस्थांना मी इतकेच सांगितले, "तुमच्या हाताची पकड होईल असे भय धरू नका. तुम्ही नाकारत नाही, राखता आहात. मात्र अम्मींवर रागावू नका. त्यांनाच ज्वारीचे पीठ द्या आणि नातीसाठी भाकरी थापायला सांगा." घास भरवणाऱ्या हाताला भरवायला काहीतरी हवे असते.

मग मी त्यांच्याकडे माझ्या चुकीची कबुली दिली आणि माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचीही मागितली. तेव्हापासून आमच्या मकतबात समाप्तीला खजूर वाटला जातो, सर्वांना सारखाच.

अल्लाह आजारी मुलांना शिफा देवो, त्यांच्या आईवडिलांना सब्र आणि समज देवो, आणि जाणल्याशिवाय बोलण्यापासून आम्हा इमामांना वाचवो. आमीन.