खोळीच्या आत

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या घरातल्या गाद्या गच्चीवर जातात. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी त्या खाली येतात, त्यांना धुतलेल्या किंवा नव्या खोळी चढतात आणि घर एकदम सणाचे दिसू लागते. लहानपणी या कार्यक्रमाला आणखी एक अंक असे. खांद्यावर धनुकली टाकून पिंजारी येई. तो गादी उसवी, आतला दडपलेला कापूस अंगणात पसरी, आणि मग त्या तातीचा टणत्कार दिवसभर घुमत राही. कापसातून कधी हरवलेली गोटी निघे, कधी पेन्सिलीचा तुकडा, कधी एखादा आणा. आम्हा मुलांचे लक्ष त्या खजिन्याकडे असे. आईचे लक्ष मात्र कापसाकडे. सगळी कामे टाकून ती दिवसभर पिंजाऱ्यासमोर बसे.

“त्याच्यावर विश्वास नाही का तुझा?” मी एकदा विचारले होते.

“विश्वास आहे रे,” आई म्हणाली. “पण एकदा खोळ शिवली की आत काय आहे ते त्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. माणसाला एकट्याला इतक्या मोहात टाकू नये.”

या वाक्याचा अर्थ मला कळायला साठ वर्षे लागली. आणि तो कळला तोही घरात नव्हे, एका शिडाच्या होडीत.

ही होडी माझ्या थोरल्या भावाची. चोवीस फूट लांबीची, फायबरग्लासची, त्याने उतारवयात दुसऱ्या हाताने घेतलेली. दादाने आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्याला वाऱ्याखेरीज कशाचाही आवाज नको होता. पावसाळा संपला की होडी पाण्यात उतरायची. रविवारी पहाटे गेटवेसमोरून निघून तो मांडव्याच्या बाजूला जाई. कधी वारा चांगला असला तर खांदेरीचे दीपगृह दिसेपर्यंत. रात्री तो होडीतच निजे. तीन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, तो घरच्या बिछान्यात शांतपणे गेला आणि होडी वहिनींच्या नावावर आली. वहिनी कधी समुद्रावर गेल्या नव्हत्या. “भाऊजी, तुम्हीच बघा आता तिचं,” त्या म्हणाल्या. तिचे बघायचे म्हणजे ती विकायची.

पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून किनाऱ्यावर ठेवलेल्या होडीत मी भाद्रपदात शिरलो, तेव्हा पहिला धक्का दिला तो वासाने. अशा होडीची खोली म्हणजे मोठा पेटाराच. दोन्ही बाजूंना दोन बाके. दिवसा त्यांवर बसायचे, रात्री निजायचे. पुढे जिथे होडी निमुळती होते तिथे त्रिकोणी बिछाना. या सगळ्यांवर मिळून सहा गाद्या. खोळींवर बुरशीचे काळे ठिपके, आणि एक खोळ उघडून पाहिली तर आतला फोम बोटांनी दाबताच पिवळा भुगा हातात आला. भुगा झाला नव्हता तिथे तो ओला होता. चार महिने पाण्याचा थेंब न लागताही ओला!

याचे कारण साधे आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे काय होते ते आपण पाहतोच. समुद्राचे पाणी गादीत एकदा मुरले की पाणी उडून जाते, मीठ राहते, आणि ते मीठ हवेतला ओलावा ओढत बसते. गोड्या पाण्याने खळखळून धुतल्याशिवाय अशी गादी कोरडी होतच नाही. पूर्वी होड्यांच्या गाद्यांत सावरीचा कापूस भरत असत. तो पाण्यावर तरंगतो, म्हणून कोणी पाण्यात पडला तर त्याच्याकडे गादीच भिरकावता येई. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधून काढले आणि पुढे त्याच्या मऊ फोमने कापसाची जागा घेतली. फोम हलका, स्वस्त, हवा तसा कापता येणारा. पण त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि म्हातारा झाला की झिजत नाही, विरतो.

होड्यांची खरेदी-विक्री जाणणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी ही दशा दाखवली. ते हसले. “फोमला कशाला हात लावता? नव्या खोळी शिवा. छान निळ्या. घेणारा आत शिरला की त्याला रंग दिसतो. फोम कोण बघतो?”

मी गादीवाल्याकडे गेलो. त्याचे वडील पिंजारी होते. धनुकली अजून दुकानाच्या भिंतीवर टांगलेली आहे. सगळे त्याला चाचा म्हणतात. चाचांनी हिशेब मांडला. नुसत्या खोळी शिवल्या तर इतके. आत फोमही नवा घातला तर त्याच्या अडीचपट.

“मधला रस्ताही आहे, साहेब,” ते म्हणाले आणि फोमचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले. मी दोन्ही दाबून पाहिले. दोन्ही सारखेच टणक.

“हा चाळीस घनतेचा. हा त्याच्या निम्मा. आज दोन्ही सारखेच लागणार. एका हंगामानंतर हा बसणार, तो उभा राहणार.”

त्या दिवशी मला एक गोष्ट नव्याने समजली. टणकपणा वेगळा आणि घनता वेगळी. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन, त्यात खरोखर किती माल आहे ते. टणकपणा हाताला लागतो. घनता हाताला लागत नाही, ती काळालाच लागते. माणसांतही असे टणक पण हलके लोक आपल्याला भेटतात. पहिल्या भेटीत ते काही कमी वाटत नाहीत.

घरी येऊन मी विचार करत बसलो. खोळींपुरतेच काम करण्यात वाईट ते काय? मी कोणाशी एक शब्दही खोटा बोलणार नव्हतो. घेणाऱ्याला डोळे असतात, हात असतात. त्याने खोळ उघडून पाहावी. शिवाय पैसा माझा नव्हता, वहिनींचा होता. माझ्या सचोटीची हौस मी एका विधवेच्या खर्चाने का भागवावी? हा मुद्दा मला अगदी बिनतोड वाटला. स्वतःच्या फायद्यासाठी खोटे वागायला माणूस कचरतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हटले की त्याला बळ येते.

पण ‘मी खोटे बोललो नाही’ हे समाधान टिकेना. शिडाला एक ठिगळ होते. त्याबद्दल मी मुद्दाम कोणाला सांगायला गेलो नसतो आणि त्यात मला काही गैरही वाटले नसते, कारण ठिगळ दिसत होते. डाग पडलेली जुनी खोळही तशीच. ती आपल्या परीने खरे बोलत होती, ‘माझ्या आत ओल आहे’ म्हणून सांगत होती. नवी निळी खोळ मात्र ‘आत सर्व ठीक आहे’ असे म्हणणार होती. म्हणजे मी गप्प बसणार होतो हे खरे, पण माझ्या वतीने बोलायला मी एक खोळ शिवून घेणार होतो! जे आहे ते न सांगणे आणि जे नाही ते दिसेल अशी व्यवस्था करणे, यांतले अंतर मोठे आहे. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यांसाठी वापरतो. त्या रात्री ती मला स्वतःकडे तोंड करून उभी दिसली.

मग मी दुसरी पळवाट काढली, आणि ती सांगायला मला अधिक संकोच वाटतो. डाव्या बाकावरच्या गादीत एक खोलगट जागा होती. दादा तिथे निजायचा. वीस वर्षे एकाच माणसाच्या खांद्याने आणि कमरेने पडलेला तो खळगा होता. तो फोम फेकायचा म्हणजे दादाचा शेवटचा ठसा फेकायचा, असे मी मनाला सांगितले. डोळ्यांत पाणीही आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मलाच हसू आले. तो ठसा मला इतका प्रिय होता तर मी तो घरी आणून ठेवायला हवा होता. मी तर तो निळ्या कापडात गुंडाळून परक्याला विकायला निघालो होतो! काटकसर होती ती, आणि तिच्यावर मी प्रेमाची खोळ चढवली होती.

याच सुमारास मला अभिलाष टॉमी यांची आठवण झाली. २०१२-१३ साली एकट्याने, कोठेही न थांबता शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. २०१८ साली ते गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ या होडीतून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने होडी उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. उठता येत नव्हते. फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ पोचेपर्यंत जवळजवळ तीन दिवस ते होडीतल्या बिछान्यावर पडून होते. शिडे गेली, काठ्या गेल्या, चालणारे पाय गेले, आणि माणसाचे जग आकसून एका बिछान्याएवढे उरले. पुढे ते पुन्हा उभे राहिले आणि पुढच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत २०२३ साली दुसरे आले, तो भाग निराळा.

आमची चोवीस फुटी होडी कसली महासागरात जाते! पण मांडव्याहून परततानाही कोणाला भोवळ येऊ शकते, एखादे मूल तापाने फणफणू शकते. तेव्हा ते ज्यावर आडवे होईल ते मी भरलेले असेल. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. पण अंथरूण दिसत असेल तर ना!

मी वहिनींकडे गेलो आणि सगळे सरळ सांगितले. खोळींचा खर्च, फोमचा खर्च, आणि तिसरा मार्गही सांगितला. काहीच न करता, आहे त्या डागांसकट होडी दाखवायची आणि पडेल ती किंमत घ्यायची. तोही रस्ता स्वच्छ होता.

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घरी पाहुणे आले की हे स्वतः सतरंजीवर झोपायचे, गादी पाहुण्यांना द्यायचे. ओल्या गादीवर त्यांनी कुणाला निजवलं नाही. विकायचीच तर निजता येईल अशी विका.”

“आणि तो खळगा पडलेला फोम? ठेवायचा का?”

“ओल कशाला जपायची, भाऊजी?” त्या म्हणाल्या. माझ्या रात्रभराच्या तत्त्वज्ञानाला हे चार शब्द पुरे झाले.

चाचांनी चांगला फोम मागवला. मी होडीत बसून प्रत्येक बाकाचे कागदी साचे कापले, कारण होडीत काटकोन म्हणून नसतो. भिंती खाली आत वळतात, म्हणून गादीच्या कडाही तिरक्या कापाव्या लागतात. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा ठेवायचा, म्हणजे कापडाला चुण्या पडत नाहीत. चेन धातूची नको, खाऱ्या हवेत ती गंजते. प्लास्टिकची लावायची. फोम खोळीत जाईना तेव्हा चाचांनी तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला, कचरा ओढायच्या यंत्राने हवा खेचली, तो पापडासारखा चपटा झाला आणि अलगद आत सरकला. पिशवी काढताच फुगला. सत्तरीचा मी टाळ्या वाजवायचा तेवढा राहिलो. बाकांच्या फळ्यांना खालून हवा लागावी म्हणून आम्ही भोकेही पाडून घेतली. त्या आठवड्यात मी चाचांसमोर रोज बसत होतो. आईसारखा. पण आता मला ठाऊक होते की मी चाचांवर पहारा करत नव्हतो.

होडी घ्यायला एक तरुण जोडपे आले. मुलगी आत शिरली, निळ्या गादीवर बसली आणि म्हणाली, “रंग किती छान आहे!” खोळ कोणी उघडली नाही. मला राहवले नाही. मी म्हणालो, “आतला फोमही नवा आहे, चाळीस घनतेचा.” तो तरुण “हो का?” म्हणाला आणि डोलकाठीकडे बघू लागला.

मी जरा हिरमुसलो, हे कबूल करतो. इतका विचार, इतका खर्च, आणि दाद मिळाली ती रंगाला. फोमच्या खर्चातला काही भाग किंमतीत परत आला, सगळा आला नाही. वहिनींनी त्याबद्दल एकदाही विचारले नाही.

या वर्षीही आमच्या गाद्या गच्चीवर गेल्या आहेत. काल नवी खोळ चढवण्यापूर्वी मी एका गादीत हात घालून पाहिले. कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला आहे. पाहुण्यांना देतो तीच गादी. खोळ तशीच बाजूला ठेवली आणि चाचांना निरोप धाडला आहे.