म्यूट केलेली भावकी

धुळे-जळगावकडच्या कुठल्याही भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी डोकवा. एकवीरा मातेचा एकच फोटो तीन काकांनी टाकलेला असतो. तिघांचाही नमस्कार पोचतो. पण त्यातल्या एकाचे गुडघे आता कसे आहेत, ते काही कळत नाही. याच ग्रुपवर एके काळी लग्नाच्या याद्या ठरायच्या, मानापानावरून रुसवेफुगवे व्हायचे. आता निम्मे जण गप्प.

भांडून कुणीच गेलेलं नाही. ग्रुप सोडणं म्हणजे घरच्या हळदीला न जाणं. चार तोंडी चर्चा ठरलेली. २०२२ पर्यंत तर बाहेर पडणाऱ्याचं नाव सगळ्यांनाच दिसायचं. त्यामुळे माणसं नाव तेवढं ठेवतात आणि आवाज बंद करतात. कायमचं म्यूट करायची सोय २०२० मध्ये आली. ती खास आपल्या भावकीसाठीच काढली असावी!

वेळ जातो, डोळे दुखतात, निवडणुकीत वाद होतात, हे सगळं खरंच. पण माणूस विटतो तो मुख्यतः तिथे स्वतःचं बोलणारं कुणी उरत नाही म्हणून. सगळं कुठून तरी आलेलं, पुढे ढकललेलं. आणि ढकललेल्या गोष्टीला धनी नसतो.

हे नुसतं कंटाळ्यावर थांबत नाही. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षेवर पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधी फोनाफोनांतून पसरली होती. ‘मला आलं, मी पाठवलं’ यापलीकडे कुणाची जबाबदारीच नव्हती. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन घातलं.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांचे ग्रुप मात्र अजून जागे असतात. बुऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला, हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडले, माल कुणाचा तयार आहे. तिथे कुणी भलताच भाव टाकला तर लगेच विचारणा होते, ‘कुणी सांगितला?’ टाकणाऱ्याला नाव सांगावंच लागतं. उद्या त्यालाही त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं असतं.