त्यालाच विचारा

उपवासकाळातील चौथा रविवार (वर्ष अ)
वाचने : १ शमुवेल १६, इफिसकरांस पत्र ५:८-१४, योहान ९:१-४१



आजचे शुभवर्तमान लांब आहे. एक्केचाळीस वचनांच्या या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते ती सातव्या वचनातच. उरलेल्या अध्यायात लोक त्याच्याविषयी बोलत राहतात. शिष्यांना तो एक प्रश्न वाटतो : पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? हा तोच भिकारी का, यावर शेजारी वाद घालतात. परुशी त्याची चौकशी करतात. त्याचे नाव मात्र कोणीही विचारत नाही.

मग आईवडिलांना बोलावले जाते. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने ते अंग काढून घेतात आणि सांगतात की मुलगा वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, तो स्वतःचे स्वतः सांगेल. हे ते भीतीपोटी बोलले खरे, पण अख्ख्या गर्दीत खरी गोष्ट त्यांच्याच तोंडून निघाली. मुलाला विचारल्यावर तो असा बोलला की विद्वान परुशी निरुत्तर झाले.

आणखी एक गोष्ट पाहा. येशूने त्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठवले. तो निघाला तेव्हा अजून आंधळाच होता. कोणी त्याचा हात धरून नेले, असे शुभवर्तमान सांगत नाही. प्रभूने त्याच्यावर विश्वास टाकला आणि तो आपल्या पायांनी गेला.

बंधुभगिनींनो, २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ३२ हजार लोक नोंदले गेले. त्यांतले काही आपल्या जालना, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या घरांतही आहेत. घरभेटीला गेल्यावर अनेकदा असे होते : अंध आजोबा समोर बसलेले असतात आणि आपण सुनेला विचारतो, ''आजोबा जेवतात का? त्यांना मिस्साला यायचे आहे का?'' आजोबांचे डोळे गेलेले असतात, कान आणि जीभ शाबूत असते. तरी विचारणारा दुसऱ्याला विचारतो आणि उत्तरही दुसराच देतो.

या संदर्भात आज एका साध्या वस्तूविषयी बोलायचे आहे. ती जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे : स्मार्टफोन. काचेचा सपाट फोन अंध माणसाच्या काय कामाचा, असे कोणालाही वाटेल. जुन्या फोनला बटने होती. पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असे, त्यावरून बोट बाकीचे आकडे शोधी. काचेवर चाचपायला काहीच नाही. आयफोन २००७ साली आला तेव्हा अंध लोकांना ती काळजी होतीच. पण २००९ च्या जून महिन्यात त्याच आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाची सोय आली. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आले आणि २०११ पासून त्यातही काचेवर बोट फिरवून फोन वापरता येऊ लागला.

हे चालते कसे? बोट काचेवर जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो : ''संदेश'', ''संपर्क'', ''घड्याळ''. एकदा टेकवले की फक्त नाव ऐकू येते. हवे ते सापडले की लागोपाठ दोनदा टिचकी मारायची, मग ते उघडते. बोट उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडे सरकवले की मागची. मराठी वाचणारे आवाजही आता मिळतात. आयफोनमध्ये तर पडदा पूर्ण काळा ठेवूनही सगळे काम करता येते, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही काही दिसत नाही. त्यासाठी वेगळा, खास 'अंधांचा' फोन घ्यावा लागत नाही. दुकानात सर्वांना मिळतो तोच फोन आणि त्यातच ही सोय. संत थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरून स्पर्श हा सर्व इंद्रियांचा पाया मानला होता. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते शिकलो. या फोनवर फिरणारे बोट पाहिले की ते पुन्हा आठवते.

पण हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. इसहाकाची गोष्ट आठवा (उत्पत्ती २७). म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. धाकटा मुलगा थोरल्याचे कपडे घालून, हातांवर करडांची कातडी बांधून आशीर्वाद घ्यायला आला. आवाज याकोबाचा आहे हे बापाने ओळखले होते, तरी तो फसला. फसवणारे परके नव्हते. बायको आणि पोटचा मुलगाच होता. आजही अंध माणसाचे पासबुक दुसरा वाचतो, निराधार योजनेचे पैसे दुसरा काढतो, ओटीपी दुसरा पाहतो, मुलीची चिठ्ठीही दुसराच वाचून दाखवतो. बहुतेक लोक ते प्रेमानेच करतात. पण ज्याला स्वतःची शिल्लक स्वतः ऐकता येत नाही, त्याला प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस यांत फरक करता येत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या मुलाशी एकांतात चार शब्द बोलावेत, त्याचा निरोप आपल्या कानांनी ऐकावा, असे अंध आईलाही वाटतेच.

शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? प्रभूने सांगितले की याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. अध्यायाच्या शेवटी मात्र पाप आहेच : आम्हांला दिसते, असे म्हणणाऱ्यांचे. आजही अंध माणसाची वाट अडते ती बहुधा डोळसांनी ठेवलेल्या धोंड्यांमुळे. अ‍ॅप बनवणाऱ्याने बटनाला नाव दिलेले नसते, मग फोन नुसता ''बटन, बटन'' म्हणत राहतो. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, कर्ज या सोयी भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजीच बँकांना कळवले. तरी मोबाईलवर ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट आली. ज्याचे डोळेच नाहीत त्याने काय करावे? अमर जैन या दृष्टिहीन वकिलांनी आणि अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांनी व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ओळख पटवण्याची पद्धत सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, ही आज्ञा लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहेच. न्यायालयाने तीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगितली.

ख्रिस्तसभेला हे काम नवे नाही. उंचवट्याच्या ठिपक्यांची लिपी देणारे लुई ब्रेल (१८०९-१८५२) श्रद्धावंत कॅथलिक होते आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुंबईच्या येशूसंघीय संत झेवियर महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र चालते. आपला धर्मग्राम लहान आहे, पण पुढील गोष्टी आपल्यालाही जमतील.

पहिली, ज्याचा प्रश्न आहे त्यालाच विचारा. सोबत आलेल्याला नव्हे. न विचारता त्याचा हात ओढू नका, फोनही हातातून घेऊ नका.

दुसरी, युवकांनो, या उपवासकाळात एका अंध किंवा नजर अधू झालेल्या व्यक्तीच्या घरी जा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' शोधून टॉकबॅक सुरू करून द्या आणि आधी तुम्ही स्वतः डोळे मिटून ते शिका. पहिल्या दिवशी दोघेही वैतागाल. आठ दिवस नेटाने जात राहा. रिझर्व्ह बँकेचे 'मणी' अ‍ॅपही दाखवा. १ जानेवारी २०२० पासून आलेले हे अ‍ॅप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते इंटरनेटशिवाय सांगते.

तिसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवताना कागदाचे छायाचित्र टाकू नका, मजकूर टाइप करा. हे पत्रकही आजपासून युनिकोड मजकुराच्या रूपात गटावर पाठवले जाईल, म्हणजे फोन ते वाचून दाखवू शकेल.

चौथी, मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेने उपचार होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'वयच झाले' म्हणून अंधारात ठेवू नका.

आणि घरच्या मंडळींनो, पिन आणि पासबुक ज्याचे आहे त्याच्या हाती द्या. यात तुमच्या सेवेचा अपमान नाही. सेवा करणाऱ्यालाही यातून थोडा मोकळा श्वास मिळतो.

फोन तारणारा नाही. तो बिघडतो, चार्जिंग संपते, लबाड माणसे त्यावरही फसवतात. जगाचा प्रकाश प्रभू येशू आहे, आणि ज्यांचे डोळे या जन्मात उघडणार नाहीत तेही त्या प्रकाशाची मुले आहेत. पहिल्या वाचनात परमेश्वर शमुवेलाला हेच शिकवतो. उंचापुरा थोरला मुलगा पाहून संदेष्टाही चुकला आणि निवड झाली ती मेंढरे राखणाऱ्या, घरच्यांनी बोलावलेसुद्धा नव्हते अशा दावीदाची.

त्या बऱ्या झालेल्या माणसाला शेवटी लोकांनी हाकलून दिले. ते ऐकल्यावर येशू त्याला शोधत गेला, त्याला भेटला आणि त्याच्याशी बोलला. येत्या आठवड्यात आपणही कोणाला तरी शोधत जाऊ या, आणि गेल्यावर त्याच्याशीच बोलू या.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, आमची नजर शुद्ध कर. ज्यांना दिसत नाही त्यांना धैर्य आणि मानाचे स्थान दे, आणि त्यांच्या वाटेतले धोंडे उचलण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू