उरलेली वैरण

गेवराई तालुक्यात, त्वरिता देवीच्या तलवाड्यात एक आजी राहायची. दसरा झाला की तिचा मुलगा आणि सून मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. कधी कोल्हापूरकडं, कधी सांगलीकडं, एखाद्या साली पार कर्नाटकात. उचल आधीच घेतलेली आणि खर्चलेलीही असायची. बीड जिल्ह्यात नवराबायकोच्या अशा जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. घरचा कोयता गेला की मागं उरायची चार माणसं : आजी, आबा, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. दावणीला एक म्हातारा बैल आणि एक गाय.

एका वर्षी जाताना सून उंबऱ्यात थांबली. डोळे पुसून म्हणाली, “आत्याबाई, लेकरं वाळू देऊ नका.”

म्हणाली ती ‘लेकरं’. आजीनं ऐकलं ‘लेकरू’. धाकट्याच्या दंडाकडं बघून तिनं त्याच दिवशी मनाशी ठरवलं की पाच महिन्यांनी पोराची आई परत येईल तेव्हा हा दंड तिच्या मुठीत मावता कामा नये.

मग रोज संध्याकाळी आजी काठवटीत पीठ मळायची, भाकरी थापायची आणि पहिली गरम भाकरी अख्खीच्या अख्खी नातवाच्या ताटलीत कुस्करायची. वर डाळ, डाळ नसली तर दूध. ज्वारीची ती भाकरी आबांच्या पसरलेल्या तळव्याहून मोठी. समोर चार वर्षांचं पोर, मांडी घातली की ताटलीएवढंच दिसणारं. पहिले चार घास ते भराभर खायचं. पुढचे चार सावकाश. मग घास गालात धरून चघळत बसायचं. आजीचा काऊचा घास व्हायचा, चिऊचा व्हायचा, गोठ्यातल्या गायीचाही व्हायचा.

“सगळं संपवायचं. ताटात टाकलं तर देवी कोपते.”

पोर रडकुंडीला यायचं. शेवटी आजीच थकायची आणि ताटली नातीकडं सरकवायची. “एवढं संपव गं.” नात निमूट संपवायची.

आजीला दोष देण्याआधी तिचं लहानपण बघायला हवं. १९७२ च्या दुष्काळात ती सात वर्षांची होती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. रात्री आई वाडग्यात कण्या वाढायची. वाढता वाढता तिचा हात मध्येच थांबायचा, कारण अजून तिघं बसलेली असायची. तो थांबलेला हात आजी पन्नास वर्षं विसरली नव्हती. आपल्या हातून वाढताना हात थांबणार नाही, एवढंच काय ते श्रीमंतीचं स्वप्न तिनं पाहिलं होतं. माझ्या माहितीतल्या बहुतेक आज्यांचं ताट असंच त्यांच्या लहानपणाच्या मापानं भरतं. समोर बसलेल्याची भूक त्यात मोजलेलीच नसते.

दोन महिने झाले. अंगणवाडीत पोराचं वजन केलं, तर काटा होता तिथंच.

“ताई, एवढं खाऊ घालते मी. जातंय कुठं?” आजीनं विचारलं.

ताईंनी उलट विचारलं, “दिवसभरात काय काय खातो ते सांगा बरं.”

निघालं असं : दुपारी अंगणवाडीतली खिचडी खाऊन पोर घरी यायचं. तीन ते सहा वर्षांच्या लेकरासाठी सरकारनं इथं रोजचा पूरक आहार ठरवला आहे. घरच्या जेवणाला जोड म्हणून तो. चारच्या सुमाराला आबा त्याला टपरीवर न्यायचे आणि पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी घेऊन द्यायचे. कधी दोन. दिवेलागणीला पोर जेवायला बसायचं तेव्हा त्याच्या पोटात पुडी असायची आणि पुढ्यात अख्खी भाकरी. जेवायची वेळ म्हणजे रडायची वेळ हे त्याला पाठ झालं होतं. मग तो जे खाऊ शकला असता, तेही खाईना.

ताई म्हणाल्या, “आजी, काय द्यायचं आणि कधी द्यायचं, ते तुम्ही ठरवा. किती खायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. थोडं वाढा. मागितलं की अजून वाढा. वजन मात्र दर महिन्याला करायला आणा, ते मी बघते.”

“चार वर्षांच्या लेकराला काय कळतंय?” आजी फणकाऱ्यानं म्हणाली आणि पोराला कडेवर घेऊन निघाली.

कळतं की. आजीपेक्षा बरं कळतं. अमेरिकेत काही संशोधकांनी लहान मुलांच्या पुढ्यात एकच पदार्थ कधी थोडा, कधी भरपूर वाढून पाहिला. २००० साली त्यांनी लिहिलं की साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं समोर कितीही ठेवलं तरी साधारण तेवढंच खातात. पाच वर्षांची मात्र ताट मोठं झालं की जास्त खातात. म्हणजे मूल पोटाचं ऐकायला शिकूनच येतं. पुढं दीडदोन वर्षांत ते ताटाचं ऐकू लागतं, आणि ताट भरणारे आपणच असतो. पण हे आजीला सांगायला तलवाड्यात कोण येणार? तिला सांगितलं ते बैलानं.

त्या संध्याकाळी आबा गोठ्यात होते. कडब्याची पेंढी सोडून त्यातला कवळाभर कडबा त्यांनी बैलापुढं गव्हाणीत टाकला आणि बाजूला बसून राहिले. थोड्या वेळानं उठले, अजून थोडा टाकला. पुन्हा बसले.

आजीचा राग अजून उतरला नव्हता. “एकदाच टाका की सारी पेंढी. कितीदा उठबस करता?”

“एकदाच टाकली तर वाया जातीया,” आबा म्हणाले. “त्यात तोंड घालून फुंकतंय, लाळ लावतंय. एकदा का तसं झालं की तीच वैरण त्याला नको वाटतीया. मग उपाशी उभं राहील, पण तोंड लावणार न्हाई. चघळ व्हती त्याची. थोडी टाकली की चाटून पुसून खातंय.”

“आन् अजून पायजे, ते कसं कळतं तुमाला?”

“मान वर करतंय की.”

आजी काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांपुढं ताटलीतली कुस्करलेली, डाळीत भिजून गार झालेली भाकरी आली. चघळच ती. ती वळली आणि घरात गेली. आबा त्यानंतर गायीकडं वळले होते. तिथं त्यांनी काय केलं, ते बघायला आजी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नातवाला चतकोर भाकरी वाढली. हे तिला फार जड गेलं. चतकोर हा शब्दच तिला नको होता. चतकोर दारावर आलेल्याला घालतात, वंशाच्या दिव्याला नाही. पोरानं चतकोर खाल्ली, पाणी प्यायलं आणि उठून पळालं. आजीच्या पोटात खड्डा पडला. रात्री दोनदा उठून तिनं त्याच्या पोटावर हात फिरवला. तिसऱ्या दिवशी पोरानं चतकोर संपवली आणि ताटली पुढं केली.

“आजी, अजून.”

या घरात हा शब्द त्यानं जेवणाच्या बाबतीत पहिल्यांदाच उच्चारला होता. पुडीही बंद झाली. आबांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, कारण टपरीवर जायचं त्यांचं निमित्त गेलं. चार वाजता शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू मिळू लागला. एखाद्या दिवशी पोर पाऊण भाकरी खाई, एखाद्या दिवशी चतकोरावर उठे. आजी एका दिवसाचा हिशेब करायचं सोडून आठवड्याचा करू लागली. पुढच्या महिन्यात काटा जरा सरकला. ताई हसल्या. आजीही हसली, पण आपल्याला हे बैलाकडून कळलं, असं काही तिनं सांगितलं नाही.

आता रोज अर्धी भाकरी कमी लागायची आणि उरतही काही नव्हतं. आजीला त्याचंही समाधान होतं.

मग एका रविवारी रात्री जेवणं झाल्यावर नात काठवट धुवायला घेऊन बसली. आजीनं सहज पाहिलं. काठवटीच्या कडेला चिकटलेलं ओलं पीठ पोरगी बोटानं खरवडत होती आणि तोंडात घालत होती.

“भूक लागली का गं?”

“न्हाई.”

आजी तिथंच उभी राहिली. पोरीनं पाणी ओतलं, काठवट उपडी केली. मग खाली बघूनच म्हणाली, “आधी उरायचं.”

एवढंच. आजी मटकन खाली बसली. दोन महिने ती धाकट्याच्या ताटातलं उरलेलं या पोरीला खाऊ घालत होती आणि त्यालाच तिचं जेवण समजत होती. पोरीची स्वतःची भाकरी एकच असायची, तीही सगळ्यांच्या शेवटी. धाकट्याचं उरायचं बंद झालं, तशी हिची अर्धी भाकरी गेली, आणि घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. इतर दिवशी शाळा तारून न्यायची. पाचवीपर्यंतच्या लेकराला शाळेत १०० ग्रॅम तांदळाचं जेवण ठरलेलं आहे. पण रविवारी शाळा नसते.

“बोलली का न्हाईस?”

पोरीला उत्तर सुचलं नाही. आजीला मात्र ते ठाऊक होतं. ती स्वतः तरी सात वर्षांची असताना कुठं बोलली होती?

दुसऱ्या दिवशी वैरणीच्या वेळेला आजी मुद्दाम गोठ्यात गेली आणि या खेपेला शेवटपर्यंत थांबली. आबांनी बैलाला थोडी थोडी टाकली. तो मान वर करी, आबा टाकत. मग ते गायीकडं गेले. तिच्यापुढं एकदम बरीच वैरण टाकली, हातात काठी घेतली आणि बैलाच्या आणि तिच्या मध्ये बसले.

“हिला का न्हाई थोडी थोडी?”

“ही मान वर करतच न्हाई,” आबा म्हणाले. “उलट त्यो हिच्यातली ओढतो आन् ही तोंड बाजूला घेती. हिच्या मागण्यावर राहिलं तर ही मरंल. हिच्यापुढं बसूनच बघावं लागतंय.”

त्या रात्रीपासून पहिली भाकरी नातीच्या ताटात पडू लागली. एक संपत आली की न विचारता दुसरी अर्धी. पहिल्या दिवशी पोरगी घाबरली. तिनं अर्धी भाकरी भावाकडं सरकवली. आजीनं ती परत सरकवली आणि तिच्या समोर बसून राहिली. पोरानं ‘अजून’ म्हटलं तर त्याला वाढायचं, पण उठायचं नाही. असे कित्येक दिवस गेले. पोरगी खायची, मागायची नाही.

होळी जवळ आली. ऊस संपत आल्याचा निरोप आला होता. एके रात्री नातवानं चतकोरच खाऊन ताटली पालथी घातली आणि मांजराच्या मागं पळाला. आजी त्याला हाकही मारायला गेली नाही. नातीनं आपली दीड भाकरी संपवली, बोटं चाटली आणि क्षणभर टोपलीकडं बघत राहिली.

“आजी,” ती म्हणाली, “मला अजून अर्धी.”

टोपलीत आबांच्या वाटणीच्या दोनच भाकऱ्या होत्या आणि आबा हात धुऊन पाटावर येऊन बसलेले होते. चूल विझत आली होती. आजीनं टोपलीतली एक भाकरी उचलून सगळीच्या सगळी नातीच्या ताटात ठेवली, मग थांबली, तिचे दोन तुकडे केले आणि एक परत उचलून घेतला. “एवढी खा. लागली तर ही हितंच हाय.” मग तिनं चुलीत दोन काटक्या सरकवल्या आणि आबांच्या भाकरीसाठी पिठाचा डबा पुढं ओढला.