सशाचे पुढचे पाय



आमच्या खालच्या मजल्यावर एक ससा राहतो. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. नाव कापशा. तिथल्या आजीबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाला आणलेला. परवा विरजण मागायला मी खाली गेले, तर आजीबाई कौतुकानं म्हणाल्या, "इतकं गुणी जनावर आहे ताई, अजिबात त्रास नाही हो त्याचा." तेवढ्यात नातू ओरडला, "मावशी, बघ ना, कापशा तोंड धुतोय!"

कापशा दोन्ही पुढचे पाय नाकावरून फिरवत होता. जरा थांबायचा, एक शिंक द्यायचा, पुन्हा फिरवायचा. बघायला मोठं गोड. मी वाकून त्याचा एक पाय उलटा करून पाहिला. आतल्या बाजूची लव चिकट झालेली, काही ठिकाणी वाळून तिच्या गुठळ्या झालेल्या. सर्दी झालेल्या शाळकरी पोराच्या शर्टाची बाही कशी होते, अगदी तशी. कापशा नाक पुसत होता.

ससे तोंड धुतातच, दिवसातून कितीतरी वेळा. पण धडधाकट सशाचे पाय धुऊन झाल्यावर कोरडे आणि मऊ राहतात. हे मला ठाऊक, कारण माझ्या माहेरी मागच्या पडवीत ससे होते. वडील रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येक सशाचे पुढचे पाय उलटून बघायचे. आम्ही भावंडं हसायचो. तोंडाकडे बघायचं सोडून हे पाय काय बघतात! पण सशाच्या नाकावर शेंबूड फारसा दिसतच नाही. आला की लगेच पुसला जातो. पुरावा राहतो तो पायावर.

आता तो पिंजरा कुठे होता बघा. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनच्या मागे. पाऊस आत येतो म्हणून काचा घट्ट लावलेल्या. तळाला वर्तमानपत्र, त्यावर लाकडाचा भुसा. उभं राहून वास आला तो फक्त फिनेलचा. पिंजऱ्याशी वाकले, तेव्हा मात्र डोळे चुरचुरले. सशाच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि सशाचं नाक चोवीस तास त्या भुशापासून चार बोटांवर असतं. आपल्याला उभ्यानं वास येईस्तोवर त्यानं तो किती ओढलेला असेल! वर आजीबाईंचा श्रावणातला धूप चांगला दणदणीत असतो. संध्याकाळी डासांची कॉइल, आणि फोडणीचा ठसका तर घरोघरी आहेच.

नाकाच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. आत आलेली धूळ, जंतू ते सारखे बाहेर लोटत असतात. अमोनियानं आणि धुरानं हे तंतू दुबळे होतात. आणि पाश्चुरेला नावाचा एक जंतू कितीतरी निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकात आधीपासूनच गुपचूप मुक्कामाला असतो. हा कोंबड्यांच्या पटकीचाही जंतू. लुई पाश्चरनं 1880च्या सुमारास त्याच्यावर काम केलं, म्हणून त्याचं नाव याला मिळालं. हवा कोंदट झाली, उन्हाळा सोसला नाही, प्रवासाची दगदग झाली, नवा सोबती आला, की हा जंतू डोकं वर काढतो. आधी शिंका, मग पांढरट घट्ट शेंबूड, डोळ्यांतून पाणी. पुढे तो कानात उतरला तर सशाची मान एका बाजूला कलते. छातीत उतरला तर न्यूमोनिया.

आणि सशाची एक अडचण आपल्याला नाही. नाक चोंदलं की आपण तोंड उघडून घोरत पडतो. ससा नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडून, मान वर करून हवा ओढणारा ससा दिसला, तर उद्या बघू म्हणायची सोय नाही. त्याच घटकेला दवाखाना. वाटेत छातीशी घट्ट धरू नका, उताणा तर मुळीच करू नका. छाती आधीच लहान, तिच्यावर पोटाचा भार पडतो.

"त्रास नाही" या शब्दांनी मी थोडी चिडते, ते यासाठी. रानात ज्याच्या मागावर सगळे असतात, तो प्राणी आजारपण दाखवत नाही. दाखवलं तर पहिला तोच उचलला जाईल. मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, बीळ करून राहणाऱ्या सशांचे हे वंशज आपल्या फ्लॅटमध्ये आले, पण ही सवय काही सुटली नाही. भुंकणं नाही, ओरडणं नाही. कोपऱ्यात अंग आक्रसून बसतो आणि आपण म्हणतो, किती शांत आहे! घरातल्या एखाद्या कमी बोलणाऱ्या माणसाबद्दलही आपण असंच म्हणतो, पण ते असो.

तर बघायचं काय? नाक हलतं ते मोजू नका, ते असंही हलतच असतं. ससा निवांत बसलेला असताना कुशीकडे बघा. कूस मिनिटाला तीस ते साठ वेळा वरखाली होणं ठीक. त्याहून जास्त, किंवा प्रत्येक श्वासाला पोट ओढलं जात असेल, तर गडबड आहे. जेवण बघा. लेंड्या बघा. सशाच्या लेंड्या बघण्यात कमीपणा मानू नये. बारा तास ससा खात नसेल, तर त्याचं आतडंच थंडावतं, आणि मूळ सर्दी राहते बाजूला.

आजीबाई ऐकणाऱ्या निघाल्या. दुसऱ्याच दिवशी ससा डॉक्टरांकडे गेला. औषध बरेच दिवस चालेल, आणि पुन्हा नाक वाहिलं तर घाबरू नका पण लगेच या, असं त्यांनी सांगितलं. हे दुखणं काही सशांना कायमचं सोडत नाही. पिंजरा बाहेरच्या खोलीत खिडकीशी आला. वारा थेट अंगावर नाही, पण हवा खेळती. सोफा सरकवावा लागला म्हणून नातवाचे बाबा जरा कुरकुरले. लाकडाचा भुसा जाऊन वाळलेलं, धूळ झटकलेलं गवत आलं आणि मुताचा कोपरा रोज साफ होऊ लागला. गवत खायलाही हवंच, भरपूर. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर मुळं डोळ्या-नाकाच्या नळीवर दाब आणतात आणि डोळा वाहायला लागतो. गाजर दाखवायचं ते चित्रात. घरात एखादा तुकडा पुरे.

नातवाला आता कापशासाठी जोडीदार हवाय. मी म्हटलं, आण बापडा, पण बाजारातून आलेला नवा ससा तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेव. आधी कापशाला चारा घाल, मग पाहुण्याला, आणि मध्ये हात धू. गिनीपिग मात्र सोबतीला नको. सशाच्या नाकात निमूट राहणारा एक जंतू त्या बिचाऱ्याच्या फुप्फुसांना भारी पडतो.

आणि एक, हे मात्र जरा रागानं सांगते. मुलाच्या खोकल्याची उरलेली बाटली सशाला पाजू नका. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनची औषधं पोटात गेली, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यापायी ससा दगावू शकतो. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांना सवय कुत्र्या-मांजरांची, गायी-म्हशींची. तेव्हा ससा घरी आणण्याच्या आधीच दोन-चार फोन करून विचारा, सशांवर इलाज करणारं गावात कोण आहे? नंबर मिळाला की गॅसवाल्याच्या नंबरखाली लिहून ठेवा.